तुंबा म्हणजे काय, हे दिल्लीला सांगायचं होतं

नोव्हेंबर २०२१. दुकानात गर्दी होती, शाळेचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, आमचं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे तालुक्याच्या गावी. जेलमधून धाकट्या भावाचा फोन आला. मोजकी मिनिटं मिळतात त्यांना, त्यात तो आधी दादांची, म्हणजे आमच्या वडिलांची, तब्येत विचारतो, मग लेकरांचं, मग सांगायचं ते. त्या दिवशी पहिलं वाक्यच आलं, अक्का, हायकोर्टातलं अपील फेटाळलं.

मी म्हणलं बरं, सुप्रीम कोर्टात अपील करू. म्हणजे मला तेव्हा खरंच असं वाटायचं की जिल्हा, मग मुंबई नाहीतर खंडपीठ, मग दिल्ली, जिन्याच्या पायऱ्या असतात तसं, एक झाली की दुसरी. पुढच्या दोन वर्षांत कळलं की तिसरी पायरी नसतेच, तिथं दार असतं आणि ते उघडावं का नाही हे आतले लोक ठरवतात, आपण फक्त परवानगी मागायची. त्याचं नाव स्पेशल लीव्ह पिटिशन, एसएलपी. लीव्ह म्हणजे सुट्टी नाही, परवानगी. दादा बरेच दिवस समजत होते की आपण त्याच्या सुट्टीचा अर्ज केलाय दिल्लीला.

केस काय ते सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. जून २०१४, त्या वर्षी पाऊस लांबला होता, पेरण्या अडकलेल्या, सगळ्यांची डोकी तापलेली. आमचा आणि थोरल्या काकांचा बांध एकच, आणि तो कोणी कोरला यावरून दोन पिढ्यांचं भांडण. धाकटा बांधावर बाभळीचे फाटे तोडत होता कुंपणासाठी, हातात कुऱ्हाड. काकांचा मुलगा, आमचा चुलत भाऊ, तिकडून आला, शिव्या झाल्या, ढकलाढकली झाली, आणि धाकट्यानं कुऱ्हाड उलटी करून तुंब्यानं, म्हणजे मागच्या बाजूनं, त्याच्या डोक्यात एक मारला. एकच. चौथ्या दिवशी तो दवाखान्यातच वारला. ३०७ चं, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं, ३०२ झालं, म्हणजे खुनाचं. (नवीन कायद्यात ३०२ चं १०३ झालंय आणि ३०४ चं १०५, पण आमची केस जुनी म्हणून जुनेच आकडे लिहिते.)

हे मी आत्ता सरळ लिहितेय. तेव्हा आमच्या घरात हे कोणी बोलत नव्हतं. सेशन कोर्टात आमच्या वकिलानं लाईन घेतली की मारलंच नाही, तो झटापटीत पडला आणि दगडावर आपटला. आम्ही सगळे तेच म्हणत राहिलो, म्हणता म्हणता आम्हालाही तेच खरं वाटायला लागलं. वहिनीनं, म्हणजे गेलेल्या भावाच्या बायकोनं, आणि शेजारच्या शेतातल्या दोघांनी डोळ्यांनी बघितलेलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये जन्मठेप लागली. गावात अजून म्हणतात जन्मठेप म्हणजे १४ वर्षं, ते तसं नाहीये हो, जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, १४ वर्षं झाल्यावर सरकार सोडायचा विचार करू शकतं, करेलच असं नाही.

हायकोर्टात परवानगी लागत नाही. सेशन कोर्टानं शिक्षा दिली की तिथलं अपील हा आरोपीचा हक्कच आहे, ६० दिवसांत टाकायचं, पुरावा पहिल्यापासून परत तपासतात. साडेचार वर्षं ते अपील पडून होतं, मध्ये कोरोना आला. कोरोनाच्या पॅरोलवर पुष्कळ जण सुटले पण सात वर्षांच्या वरची शिक्षा असेल तर आधीच्या दोन सुट्ट्यांवरून वेळेवर परत आलेला पाहिजे अशी अट होती, आणि आमचा तर तोवर दोनदा सुटलाच नव्हता, मग वेळेवर येणार कुठून. असो.

आता पहिली चूक, ती आमचीच. हायकोर्टात ज्यांनी काम बघितलं ते म्हणाले दिल्लीचा माणूस माझ्या ओळखीचा आहे, दीड लाख लागतील, पन्नास आत्ता द्या. दिले. आणि म्हणाले मुदतीचं टेन्शन घेऊ नका, कोरोनामुळे सगळ्या मुदती थांबल्यात. गंमत म्हणजे हे खोटं नव्हतं. हायकोर्टाच्या निकालापासून एसएलपीला ९० दिवस असतात, पण १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सुप्रीम कोर्टानंच धरू नका म्हणून सांगितलेलं आणि १ मार्चपासून पुढे ९० दिवस दिलेले. म्हणजे आम्हाला मे २०२२ च्या शेवटापर्यंत वेळ होता. मे गेला, जून गेला, फोन केला की म्हणायचे ड्राफ्टिंग चालू आहे. सप्टेंबरमध्ये मीच डायरी नंबर मागितला, कारण तोवर मला कळलं होतं की सुप्रीम कोर्टात कागद गेला की डायरी नंबर पडतो आणि तो वेबसाईटवर दिसतो. नंबर नव्हता. काहीच गेलेलं नव्हतं.

त्या रात्री मी नवऱ्याशी विनाकारण भांडले.

रस्ता सापडला तो जेलमधूनच. तिथं लीगल एड क्लिनिक असतं, आणि कैद्यांमधलेच काही जण पॅरा लीगल व्हॉलंटियर म्हणून काम करतात. धाकट्याच्या बरॅकीत एक होते, पूर्वी शाळेत मास्तर होते म्हणे, तेही जन्मठेपेचेच. त्यांनी त्याला सांगितलं की कोठडीत असलेल्या माणसाला फुकट वकील मिळायला उत्पन्नाची अट नसते, १९८७ च्या लीगल सर्व्हिसेसच्या कायद्यात कलम १२ मध्ये आहे, आणि सुप्रीम कोर्टाची स्वतःची लीगल सर्व्हिसेस कमिटी आहे, जेलमार्फत अर्ज गेला की ते वकील नेमतात. वकील नसेल तरी कैदी जेलमधून थेट पिटिशन पाठवू शकतो, क्रिमिनलला कोर्ट फी पण नाही. एवढं सगळं असताना आम्ही पन्नास हजार कशाचे दिले?

त्याच मास्तरांनी धाकट्याला एक जुनी केस सांगितलेली, ती त्यानं मला फोनवर सांगितली आणि मी नंतर शोधून वाचली. १९७८ ची, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र. खोट्या पदव्यांच्या प्रकरणात शिक्षा झालेला माणूस. निकालाची प्रत हायकोर्टानं येरवड्याला पाठवली होती पण ती त्याला मिळाल्याची सही कुठंच नव्हती, आणि तो सगळी शिक्षा भोगून बाहेर आल्यावर परवानगी मागायला सुप्रीम कोर्टात गेला. त्याची पिटिशन फेटाळली, पण त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी लिहून ठेवलं की कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेत मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकील सरकारनं दिला पाहिजे. स्वतःच्या पदरात काही पडलं नाही त्या माणसाच्या. आमच्यासारख्यांच्या पडलं.

मग कागद. झेरॉक्सवाली असून मला घाम फुटला. हायकोर्टाच्या निकालाची सर्टिफाईड कॉपी, सेशनचा निकाल, एफआयआर, पंचनामे, साक्षीदारांचे जबाब, पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, जेलकडून कस्टडी सर्टिफिकेट, कारण शिक्षा झालेला माणूस आत आहे हे दाखवल्याशिवाय पिटिशन बोर्डावरच येत नाही. वकालतनाम्यावर धाकट्याची सही आणि खाली जेल अधीक्षकांची सही-शिक्का. बाहेरून धावपळ करणाऱ्याला दिल्लीचे लोक पैरोकार म्हणतात, तो मी. कमिटीनं नेमलेल्या वकील मॅडम फोनवर पहिल्यांदा म्हणाल्या, आप पैरोकार हैं ना, मला वाटलं पहारेकरी म्हणतायत.

सुप्रीम कोर्टात कोणताही वकील उठून केस दाखल करू शकत नाही, त्याला ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड लागतो, ती वेगळी परीक्षा असते. म्हणजे आमचे आधीचे वकील साहेब स्वतः काही करूच शकत नव्हते. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर.

मॅडमनी सगळे कागद इंग्रजीत मागितले. तिथं इंग्रजीशिवाय कागद चालत नाही, दुसऱ्या भाषेतला असेल तर भाषांतर जोडायचं. जबाब सगळे मराठीत, आमच्याकडच्या मराठीत. भाषांतर मॅडमच्या ऑफिसनं कोणाकडून तरी करून घेतलं आणि मला पीडीएफ पाठवली, एकदा नजर घाला म्हणून. दुकान बंद केल्यावर रात्री काउंटरवरच बसून एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी लावून वाचायला लागले. माझं इंग्रजी बारावीचं, पण रोज फॉर्म भरून भरून शब्द ओळखीचे झालेत. वहिनीच्या जबाबात होतं, "त्याने कुऱ्हाडीच्या तुंब्याने माझ्या नवऱ्याच्या डोक्यात मारले." इंग्रजीत होतं ॲक्स. फक्त ॲक्स. कुऱ्हाडीनं डोक्यात वार केला. शेजाऱ्याच्या जबाबात पण तसंच. तुंबा गायब.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कुऱ्हाडीला पुढे धार असते आणि मागे जिथं दांडा बसतो तिथं लोखंडाचा बोथट जाड भाग असतो, तो तुंबा. खुंटी ठोकायला वापरतात. तुंब्यानं मारलेला माणूस मरत नाही असं नाही, मेलाच की. पण ज्याच्या हातात धारेची कुऱ्हाड आहे तो मारताना ती उलटी करतो, याचा काहीतरी अर्थ होतो ना. बरं मग मी हायकोर्टाचा निकाल काढला, बावीस पानं, त्यात पण सगळीकडे ॲक्सच. "डोक्यासारख्या नाजूक भागावर कुऱ्हाडीने वार, यावरून मारण्याचा उद्देश स्पष्ट होतो", असा मतलब. मग पीएम रिपोर्ट काढला. त्यात सीएलडब्ल्यू लिहिलेलं, एकच जखम, आणि खाली हाड दबलेलं. हे मी गुगल केलं, रात्रीचे साडेबारा, सीएलडब्ल्यू म्हणजे चेचलेली फाटलेली जखम, बोथट वस्तूची. धारेची असती तर इन्साईज्ड लिहिलं असतं. वहिनी खरं बोलली होती. शब्दाला शब्द खरं. आणि आम्ही सात-आठ वर्षं तिला खोटं ठरवायला वकिलांना पैसे देत होतो, तिचा खरेपणाच आमच्या कामाचा होता.

सकाळी मॅडमना फोन केला, त्यांना तुंबा समजावता येईना, शेवटी नवऱ्याला घरची कुऱ्हाड धरायला लावून फोटो काढला, मागच्या भागावर बाण काढून व्हॉट्सॲपला टाकला. त्यांचा लगेच फोन आला. त्या पहिल्यांदा जरा मोठ्या आवाजात बोलल्या. म्हणाल्या, ये पहले किसी ने नहीं बताया?

त्यांनी मग जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. म्हणाल्या, सुप्रीम कोर्ट तुमची गोष्ट परत ऐकायला बसत नाही. राज्यघटनेच्या कलम १३६ खाली परवानगी देणं ही त्यांची मर्जी आहे, १९५० च्या प्रीतम सिंग केसपासून ते सांगत आलेत की काही खास असेल, मोठा अन्याय दिसत असेल तरच. दोन कोर्टांनी एकच म्हणलंय की त्यानं मारलं. ते तिसऱ्यांदा उकरायला गेलात तर दोन मिनिटांत डिसमिस. पण मारलं हे धरून चालून, हा खून आहे का सदोष मनुष्यवध, म्हणजे जीव गेला पण मारायचा उद्देश नव्हता, ३०२ का ३०४ चा दुसरा भाग, हा प्रश्न कायद्याचा आहे, तिथं दार किलकिलं होऊ शकतं. २००६ च्या पुलिचेर्ला नागराजू केसमध्ये कोर्टानं काय काय बघायचं ते लिहिलंय, हत्यार घरून आणलं का तिथंच हातात होतं, भांडण अचानक झालं का, घाव एक का अनेक, किती जोरात, जुनं वैर किती, गैरफायदा घेतला का. सरकारी वकील १९५८ ची विरसा सिंग काढतील, त्यात भाल्याचा एकच घाव होता तरी खूनच धरला. म्हणून एक घाव एवढ्यानं भागत नाही, तुंबा पाहिजे.

मग अवघड काम राहिलं. धाकट्याला सांगायचं.

जेलमध्ये त्याच्या मुलाखतीला गेले. काचेपलीकडे तो, मध्ये इंटरकॉम, आणि शेजारच्या खिडकीवर एक बाई मोठ्यानं रडत होती. (तिच्या मुलाला खाली निर्दोष सोडलेलं आणि हायकोर्टानं फिरवून जन्मठेप दिलेली. मला नंतर कळलं की तसं असेल तर सुप्रीम कोर्टात परवानगी मागावी लागत नाही, थेट अपिलाचा हक्क आहे. तिला ते कोणी सांगितलं का माहीत नाही, मला तेव्हा माहीत नव्हतं.) मी धाकट्याला सगळं सांगितलं, तुंबा, पीएम, ३०४. तो गप्प. मग म्हणाला,

"म्हणजे मी मारलं असं लिहून द्यायचं?"

"लिहून नाही द्यायचं. ते कोर्टानं म्हणलंच आहे. आपण त्याच्यावर भांडायचं नाही एवढंच."

"दादांना काय सांगशील? दादा म्हणतात गावात, माझ्या पोरानं हात लावला नाही."

मी काही बोलले नाही. त्यानं फोन या कानावरून त्या कानाला घेतला.

"मी उलटी केली होती गं अक्का कुऱ्हाड," तो म्हणाला, "मला वाटलं नुसता चक्कर येऊन पडंल."

साडेआठ वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा म्हणलं. मला, आणि बहुतेक कोणालाही. वकिलानं त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं तोंड उघडायचं नाही, आणि तो आपला ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी वकालतनाम्यावर सही करून दिली.

१८ जानेवारी २०२३ ला पिटिशन दाखल झाली. उशीर २३४ दिवसांचा. त्याच्या माफीचा वेगळा अर्ज, आणि त्यात प्रत्येक महिन्याचा हिशोब द्यायचा, गरीब आहोत अडाणी आहोत एवढ्यावर भागत नाही असं मॅडम म्हणाल्या. मी पन्नास हजारांचा फोनपेचा स्क्रीनशॉट आणि ड्राफ्टिंग चालू आहे वाले मेसेज तारखेसकट प्रिंट काढून दिले, दुकान आपलंच, रंगीत काढले. मग रजिस्ट्रीनं, म्हणजे कोर्टाच्या ऑफिसनं, डिफेक्ट काढले. डिफेक्ट म्हणजे पान क्रमांक, फिकट झेरॉक्स, एका पंचनाम्याचं भाषांतर नाही, अशा चुका, त्या दुरुस्त करून परत. फिकट झेरॉक्सचा डिफेक्ट माझ्या फार जिव्हारी लागला.

एप्रिलमध्ये सोमवारची तारीख लागली. सोमवारी आणि शुक्रवारी नवीन प्रकरणं असतात. मॅडम म्हणाल्या यायची काही गरज नाही. दादा म्हणाले जायचं. सचखंड एक्सप्रेसनं गेलो, दादा धोतर-टोपीत, मी, आणि डब्यात दशम्या. मेट्रोचं स्टेशनच आहे सुप्रीम कोर्ट नावाचं, आधीचं प्रगती मैदान. पास काढला, मोबाईल जमा केला, आणि दादांची चंची बाहेर ठेवायला लावली. तंबाखूशिवाय तीन तास, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

कोर्टात मागे उभं राहायला जेमतेम जागा. फलकावर नंबर पळत होते. मी बघत होते, एक प्रकरण येतं, वकील उठतो, दोन वाक्यं बोलतो, न्यायमूर्ती फाईल बाजूला ठेवतात, डिसमिस्ड. पुढचं. तेही डिसमिस्ड. एकाचं तर वकील माईकपर्यंत पोचायच्या आत झालं. गावाकडं आपण म्हणतो सुप्रीम कोर्टापर्यंत गेलो होतो, ते पर्यंत म्हणजे बहुतेकांचं हे एवढंच असतं. डिसमिस झाली म्हणजे सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाचा निकाल तपासून बरोबर ठरवला असंही नसतं म्हणे, परवानगी नाकारली एवढाच अर्थ. पण आत बसलेल्याला काय फरक पडतो.

आमचा नंबर आला. मॅडमबरोबर एक सिनियर वकील होते. न्यायमूर्तींनी पहिलं हेच विचारलं की दोन्ही कोर्टांचं एकमत आहे, आता काय राहिलं. मला वाटलं गेलं. सिनियर म्हणाले जे घडलं त्यावर आम्ही भांडत नाही, फक्त पान अमुक वरचा जबाब आणि पान तमुक वरचा पीएम रिपोर्ट बघावा. दोघांनी पानं उलटली. कागदाचा आवाज आला, तेवढ्या गर्दीत पण मला तो ऐकू आला. मग डावीकडच्या न्यायमूर्तींनी विचारलं की हे तुंबा काय आहे, आणि सिनियर साहेबांनी उजव्या हाताची मूठ करून डाव्या हातानं मागची बाजू दाखवली. उत्तरेतला माणूस, त्यांनी आयुष्यात तुंबा बघितला नसेल, पण आमच्या घरच्या कुऱ्हाडीचा फोटो बघितला होता. न्यायमूर्तींनी ऑर्डर सांगितली. उशीर माफ, गुन्ह्याचं स्वरूप काय एवढ्याच मुद्द्यापुरती राज्य सरकारला नोटीस. दोन-तीन मिनिटं झाली असतील सगळी मिळून.

बाहेर आल्यावर दादांनी विचारलं, सोडला का? मी म्हणलं नाही दादा, नोटीस निघाली. ते म्हणाले नोटीस तर मागे पण निघाली होती बांधाची, तिचं काय झालं. मग चंची घेतली, चुना मळला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना तुंबा हा शब्द आत ऐकू आला होता. इंग्रजीतलं एवढंच समजलं होतं त्यांना. स्टेशनवर गाडीची वाट बघताना म्हणाले, त्यानं सांगितलं का तुला? मी हो म्हणलं. गाडीत त्यांनी दशमी खाल्ली नाही.

पुढचं भराभर सांगते कारण तारखांशिवाय त्यात काही नाही. सरकारनं वेळ मागितला, परत वेळ मागितला, मग उत्तर दाखल केलं, त्यात विरसा सिंग होतीच. आम्ही प्रतिउत्तर दिलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑर्डर झाली, लीव्ह ग्रँटेड. दोन शब्द. एसएलपीचा नंबर जाऊन क्रिमिनल अपील असा नवीन नंबर पडला. म्हणजे नऊ वर्षांनी आमचं तिथलं अपील सुरू झालं, जिंकलेलं काहीच नाही. पण मॅडमनी त्याच दिवशी जामिनाचा अर्ज पुढे केला, मुद्दा साधा होता, ३०४ च्या दुसऱ्या भागात जास्तीत जास्त शिक्षा १० वर्षं आणि हा माणूस नऊ वर्षं पाच महिने आत आहे, अपील ऐकेपर्यंत जास्तीतली जास्त शिक्षा भोगून होईल, मग परवानगीला अर्थ काय राहिला. जामीन मिळाला, अटी सेशन कोर्टानं ठरवायच्या.

जामिनाची ऑर्डर आता दिल्लीहून जेलला कॉम्प्युटरवर पोचते, फास्टर नावाची सिस्टीम २०२२ पासून आहे. ऑर्डर गेली फास्ट, जामीनदार कुठून आणायचा. सातबारा पाहिजे, आणि गावात ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावर सोसायटीच्या नाहीतर बँकेच्या पीककर्जाचा बोजा. मामांचा कोरा निघाला कारण मामा कर्जच काढत नाहीत, सगळे त्यांना चिक्कू म्हणतात. आठ दिवस गेले त्यात. अट अशी पडली की गावाच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही. म्हणून धाकटा आमच्याकडे तालुक्याला असतो, दुकानाच्या मागच्या खोलीत. भावजय आणि लेकरं शनिवारी येतात. मशीन चालवायला शिकलाय, कागद अडकला की माझ्यापेक्षा लवकर काढतो. तारीख अजून लागलेली नाही, शुक्रवारी रात्री मी वेबसाईट बघते, तो विचारत नाही पण त्या वेळी बरोबर चहा घेऊन येतो.

गेल्या जूनमध्ये वहिनी आली होती. पोराच्या ॲडमिशनचे कागद होते, तालुक्यात दुसरी दुकानं बंद होती बहुतेक, नाहीतर ती कशाला येईल. धाकट्यानं तिला रस्त्यावरूनच बघितलं आणि तो आतल्या खोलीत गेला, दार ओढून घेतलं. मी झेरॉक्स काढल्या. मार्कशीट, टीसी, आणि वडिलांचा मृत्यू दाखला, तीन तीन प्रती. मृत्यू दाखला मशीनच्या काचेवर जरा तिरका पडला, मी परत सरळ करून काढला. तिनं पैसे विचारले. मी म्हणलं राहू दे. ती काही बोलली नाही, आतल्या दाराकडे एकदा बघितलं, वीसची नोट काउंटरवर ठेवली, त्यावर स्टेपलर ठेवला उडू नये म्हणून, आणि गेली.